ओळखीच्या फायलींची नोंदवही

पोलिसांनी जप्त केलेला संगणक न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या टेबलावर येतो तेव्हा त्यात गुन्ह्याशी संबंधित काही असलेच, तर ते बहुधा मूठभर फायलींत असते. बाकीचा ढीग मालकाचा नसतोच. कोऱ्या यंत्रावर विंडोज बसवली की मालकाने एक अक्षर टंकण्याआधीच डिस्कवर लाखाच्या घरात फायली तयार असतात. त्यांत फॉन्ट असतात, चिन्हे आणि आवाज असतात, जगभरच्या भाषांच्या कळफलकांचे तक्ते असतात, त्या घरात कधीही येणार नाहीत अशा प्रिंटरांचे ड्रायव्हर असतात. त्यावर ऑफिसचा संच, एकदोन ब्राउझर आणि एखादा खेळ चढला की ढीग आणखी वाढतो. यातली प्रत्येक फाईल उघडून पाहायची म्हटली तर एकाच यंत्रात तपासनिसाचे वर्ष सरेल. त्यामुळे शोधण्याच्या आधी त्याला पाखडावे लागते. फोलपट उडाले की दाणा सुपात राहतो. पण फोलपट कोणते, हे ठरवायचे कशावरून? नावावर भरवसा ठेवता येत नाही. विंडोजमध्ये 'एसव्हीसीहोस्ट' नावाची एक फाईल कायम चालू असते आणि घातक प्रोग्राम लिहिणारे वर्षानुवर्षे आपल्या फाईलला हेच नाव देत आले आहेत, कधी एखादे अक्षर इकडचे तिकडे करून. तारीख बदलणे कोणालाही जमते. आकार जुळणे हा योगायोग असू शकतो. फाईलवर बाहेरून लावलेली कोणतीही पाटी खोटी असू शकते, म्हणून ओळख आतल्या मजकुरावरूनच पटवावी लागते.

त्यासाठीचे गणिती साधन म्हणजे हॅश. कोणतीही फाईल ही शेवटी शून्य आणि एक यांची लांबच लांब ओळ असते. एसएचए-२५६ ही पद्धत ती ओळ ६४ बाइटांच्या तुकड्यांत घेते, प्रत्येक तुकडा ६४ फेऱ्यांत घुसळते, आधीच्या तुकड्यांचे फलित त्यात मिसळत जाते आणि शेवटी २५६ बिटांची एक संख्या हातात ठेवते. शून्य ते नऊ हे अंक आणि ए ते एफ ही सहा अक्षरे वापरून ती ६४ चिन्हांत लिहितात. फाईल चार ओळींच्या पत्राची असो की चार तासांच्या चित्रपटाची, उत्तर ६४ चिन्हांचेच येते. त्याच फाईलचा हॅश पुण्यात काढा, टोकियोत काढा, दहा वर्षांनी काढा, चिन्ह न् चिन्ह तेच येईल. पण तिच्यातला एक स्वल्पविराम काढला, तर उत्तर थोडेसे नाही, अख्खे बदलते. जुन्या आणि नव्या उत्तरांत सरासरीने निम्मे बिट वेगळे निघतात. दोन वेगळ्या फायलींचा हॅश योगायोगाने एकच आला तर, ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर हिशेबाने देता येते. रॉन रिव्हेस्ट यांनी १९९१ साली रचलेली एमडी५ ही पद्धत फक्त १२८ बिटांची आहे. तीच वापरून शंभर कोटी वेगवेगळ्या फायलींचे हॅश काढले, तरी त्यांतल्या कोणत्याही दोहोंचे उत्तर आपसूक जुळण्याची शक्यता, साताच्या पुढे वीस शून्ये मांडली तर होणाऱ्या संख्येत एक, इतकी आहे. एसएचए-२५६ मध्ये तर शक्य असलेल्या उत्तरांची संख्याच ७८ आकडी आहे. योगायोगाची भीती इथे संपते. कोणी मुद्दाम जुळवून आणले तर काय, हा प्रश्न वेगळा आहे; त्याकडे पुढे यायचे आहे.

इथपर्यंत वाचल्यावर गणिताने सगळा प्रश्न सोडवला असे वाटेल. माझ्या मते गणिताने प्रश्नाचा सोपा भाग सोडवला. 'ई३बी०सी४४२' अशा चिन्हांनी सुरू होणारा हॅश दिसला की जाणकार तत्काळ सांगतो, ही रिकामी फाईल आहे. त्याला हे कसे कळले? हॅशवरून मागे फाईलकडे जाणारी वाट पद्धत रचणाऱ्यांनी मुद्दामच बंद ठेवलेली असते. त्याला कळले, कारण रिकाम्या फाईलचा हॅश कोणीतरी आधी काढून, नोंदवून ठेवला आहे. ती नोंद नसती तर ही ६४ चिन्हे मुकी राहिली असती. बोटांच्या ठशांचा इतिहास आठवला की हा मुद्दा अधिक उमजतो. माणसामाणसाच्या बोटांवरच्या रेषा वेगळ्या असतात हे बऱ्याच आधीपासून ठाऊक होते. तरीही पोलिसांना त्याचा खरा उपयोग झाला तो कोलकात्यात, १८९७ साली तिथे ठशांची स्वतंत्र कचेरी उभी राहिल्यावर. काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या तिथल्या दोन भारतीय अधिकाऱ्यांनी वर्गवारीची अशी रीत बसवली, की दहाही बोटांच्या ठशांची पत्रिका १,०२४ कप्प्यांपैकी नेमकी कोणत्या कप्प्यात ठेवायची आणि पुढे कुठून काढायची, हे ठरून जाई. ही रीत पुढे त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर गेली, ही गोष्ट त्या दोघांवर अन्याय करणारीच आहे. आपल्यापुरता धडा असा, की रेषा बोटांवर आधीपासूनच होत्या. नवे होते ते कपाट.

सॉफ्टवेअरसाठी असे कपाट उभारण्याचे काम अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हाती घेतले. ही संस्था मोजमापांची. १९०१ साली स्थापन झालेली, वजने-मापे आणि प्रमाण नमुने सांभाळणारी. अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळांना आपली उपकरणे बिनचूक आहेत का हे पाहता यावे म्हणून ती ठरावीक घटकांचे, कसून मोजलेले पीनट बटरसुद्धा बाटलीत भरून विकते. सॉफ्टवेअरचे राष्ट्रीय संदर्भ ग्रंथालय याच परंपरेत बसते. मेरीलँड राज्यातल्या गेदर्सबर्ग इथल्या आवारात दुकानात मिळणाऱ्या सॉफ्टवेअरची खोकी विकत घेतली जातात, काही कंपन्या स्वतःहून देतात. प्रत्येक खोक्याची नोंद होते. आतल्या डिस्कांवरची प्रत्येक फाईल, दाबून बांधलेल्या संचांच्या आत दडलेली धरून, वाचली जाते आणि तिचे हॅश काढले जातात. फाईलचे नाव, आकार, ती कोणत्या उत्पादनाच्या कोणत्या आवृत्तीत सापडली, उत्पादक कोण, कोणत्या प्रणालीसाठी आहे, हे सगळे त्या हॅशशेजारी लिहिले जाते. मूळ खोके नियंत्रित हवामानाच्या कुलूपबंद खोलीत फडताळावर जाते. अशा कोट्यवधी नोंदींचा संदर्भ संच वर्षातून चार वेळा प्रसिद्ध होतो आणि कोणालाही फुकट मिळतो. जगभरच्या तपासयंत्रणांची न्यायवैद्यक सॉफ्टवेअर हा संच वापरतात. मोठ्या दाव्यांत कंपन्यांचे लाखो दस्तऐवज चाळणाऱ्या वकिली संस्थांमध्ये तर ओळखीच्या फायली आधी गाळून टाकण्याला 'डी-निस्ट करणे' असा शब्दच रुळला आहे.

यातली सर्वांत मोलाची गोष्ट मला फडताळ वाटते. हॅश तर कोणीही काढून कुठेही टाकू शकतो, आणि इंटरनेटवर अशा बेवारशी याद्या पुष्कळ फिरतात. समजा न्यायालयात बचाव पक्षाच्या वकिलाने विचारले, की ही फाईल विंडोजचीच आहे असे सांगून तुम्ही ती न पाहता बाजूला सारलीत, ते कशाच्या आधारावर? तपासनीस यादीकडे बोट दाखवील. पुढचा प्रश्न येणारच: यादीत ती कुठून आली? बेवारशी यादी इथे निरुत्तर होते. गेदर्सबर्गची यादी म्हणते, अमुक उत्पादनाच्या अमुक आवृत्तीच्या डिस्कवरून, आणि ती डिस्क अजून आमच्याकडे आहे. हवे तर पुन्हा वाचून पाहा. हॅशचे वजन असे त्याच्या वंशावळीवर तोलले जाते. हीच गोष्ट उलट बाजूनेही तपासता येते. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंट या लोकप्रिय प्रणालीचे संकेतस्थळ घुसखोरांनी ताब्यात घेतले आणि डाउनलोडचा दुवा चोरदार ठेवलेल्या प्रतीकडे वळवला. अशा वेळी 'डाउनलोड केल्यावर हॅश जुळवून पाहा' हा नेहमीचा सल्ला किती कामी येतो? ज्याच्या हाती संकेतस्थळ आहे, तो फाईलही बदलू शकतो आणि तिच्या शेजारी छापलेला हॅशही. मग दोन्ही एकमेकांशी चोख जुळतात. ताडून पाहायचा हॅश त्या संकेतस्थळाबाहेर, वेगळ्या हातात असेल तेव्हाच तो उपयोगी पडतो.

आता एका गैरसमजाकडे. तो तपासयंत्रणांमध्येही आढळतो. ओळखीच्या फायलींच्या यादीला 'चांगल्या फायलींची यादी' म्हणायची सवय पडली आहे. ग्रंथालय स्वतः असा दावा करत नाही. त्याच्या संचात चित्रांत मजकूर लपवणारी साधने आहेत, घुसखोरीसाठी वापरल्या जाणाऱ्या स्क्रिप्ट आहेत, कारण तीही बाजारात मिळणारी, माग काढता येणारी सॉफ्टवेअर आहेत. मुलांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रांसारख्या मुळातच बेकायदा मजकुराचे हॅश मात्र त्यात नाहीत. ते वेगळ्या संस्थांकडे, वेगळ्या बंदोबस्तात असतात. म्हणजे यादी फक्त एवढेच सांगते, की ही फाईल आम्ही पूर्वी अमुक ठिकाणी पाहिली आहे. तिचे शील कसे, हे ती सांगत नाही. एखाद्या लेखापालाच्या संगणकावर डिस्क कायमची पुसून टाकणारे साधन सापडले आणि ते यादीत आहे म्हणून डोळे मिटून गाळले, तर कदाचित त्या प्रकरणातला सर्वांत बोलका पुरावाच गाळला जाईल. याहून गंभीर उदाहरण २०२० सालचे आहे. सोलरविंड्स कंपनीच्या ओरायन या सॉफ्टवेअरच्या अधिकृत अद्ययावत आवृत्तीतच घुसखोरांनी आपला कोड मिसळला होता. ती फाईल कंपनीच्या स्वतःच्या कारखान्यातून, कंपनीच्या खऱ्या डिजिटल सहीनिशी बाहेर पडली आणि १८ हजारांच्या आसपास ग्राहकांपर्यंत गेली. त्या काळात कोणी ती आवृत्ती थेट कंपनीकडून आणून इमानाने नोंदवली असती, तर यादीत विषारी फाईलचा हॅश अगदी रीतसर चढला असता. नोंदीत खोट काहीच नसती. खोट राहिली असती ती 'ओळखीची म्हणजे निरुपद्रवी' या समजुतीत.

या साऱ्या व्यवस्थेवरचा सर्वांत गाजलेला आक्षेप गणिताच्या बाजूने येतो आणि त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवे. ऑगस्ट २००४ मध्ये चीनच्या शांडोंग विद्यापीठातल्या श्याओयुन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळा मजकूर असूनही ज्यांचा एमडी५ हॅश एकच येतो अशा जोड्या जगापुढे ठेवल्या. २००८ च्या डिसेंबरात संशोधकांच्या एका गटाने २०० प्लेस्टेशन-३ यंत्रे एकत्र जुंपून याच कमजोरीतून संकेतस्थळांना ओळखपत्रे देणाऱ्या संस्थेचे बनावट प्रमाणपत्र तयार करून दाखवले. २०१२ साली उघडकीस आलेल्या फ्लेम या हेरगिरीच्या प्रोग्रामने तर याच मार्गाने मायक्रोसॉफ्टची सही नकली उठवली होती. नंतरची एसएचए-१ पद्धतही टिकली नाही. २३ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संस्था आणि गूगल यांनी एकच एसएचए-१ हॅश असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ प्रसिद्ध केल्या. त्यामागचे गणन एका साध्या प्रोसेसरची ६,५०० वर्षे आणि एका ग्राफिक्स प्रोसेसरची ११० वर्षे इतके होते. ग्रंथालयाच्या जुन्या नोंदी याच दोन पद्धतींवर उभ्या होत्या. मग ती सगळी यादी बाद समजायची का?

नाही, आणि याचे कारण नीट पाहण्यासारखे आहे. वरच्या प्रत्येक उदाहरणात हल्लेखोराने जोडीतल्या दोन्ही वस्तूंच्या घडणीत हात घातला होता. दोन्ही कुलपे स्वतःच घडवायची असतील, तर दोघांना एक किल्ली लागेल असे करणे जमू शकते. दुसऱ्याने आधीच घडवलेल्या, कपाटात बंद असलेल्या कुलपाला लागेल अशी किल्ली घडवणे हे निराळेच काम आहे. मायक्रोसॉफ्टने पंधरा वर्षांपूर्वी बनवलेली फाईल यादीत आहे. तिचा हॅश ठरून गेला आहे. आता आपल्या घातक फाईलचा हॅश नेमका तोच यावा असे गुन्हेगाराला करायचे असेल, तर खिळखिळ्या झालेल्या एमडी५ मध्येसुद्धा आज माहीत असलेल्या उत्तम वाटेने त्याला दोनाच्या १२३ व्या घाताइतके प्रयत्न लागतील. एसएचए-१ ची जोडी शोधायला लागलेले प्रयत्न दोनाच्या ६३ व्या घाताच्या आसपास होते. या दोहोंतली तफावत इतकी आहे, की पृथ्वीवरची सगळी यंत्रे जुंपली तरी ती भरून निघणार नाही. शिवाय यादीत एकाच फाईलचे दोन-तीन पद्धतींनी काढलेले हॅश आणि आकार शेजारीशेजारी असतात. सगळे एकाच वेळी जुळवणे आणखी अवघड. तरीही आक्षेपातला एक भाग मी पूर्णपणे मान्य करतो. एखादा उत्पादक स्वतःच अप्रामाणिक असेल, तर तो आधीच जोडी घडवून त्यातली निर्मळ फाईल विकायला ठेवू शकतो, ती यादीत जाऊ देऊ शकतो आणि दुसरी राखून ठेवू शकतो. ही शक्यता दूरची आहे, पण तिच्यावर तोडगा असताना ती उघडी ठेवण्यात अर्थ नाही. संदर्भ संचात एसएचए-२५६ चे हॅश आले आहेत ते योग्यच झाले. एनआयएसटीने स्वतःच डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केले, की एसएचए-१ चा वापर २०३० अखेर पूर्ण थांबवायचा. आणि इथेही फडताळाचेच महत्त्व दिसते. पद्धत बदलली तरी मूळ डिस्क हाती असल्याने त्याच फायलींचे नवे हॅश काढता येतात. फक्त जुने हॅश साठवून डिस्का फेकून दिल्या असत्या, तर जुन्या पद्धतीबरोबर सगळी यादीच बुडाली असती.

दुसरा आक्षेप उलट टोकाचा आहे. हॅश फसतो असे त्याचे म्हणणे नाही. तो फार ताठर आहे, असे आहे. एक बिट बदलला की ओळख संपते, मग गुन्हेगाराने फाईलच्या शेपटीला एक निरर्थक अक्षर जोडले की तो सुटला. घातक प्रोग्राम पकडण्यापुरता हा आक्षेप खरा आहे. प्रत्येक बळीसाठी स्वतःचे रूप थोडे बदलणारे प्रोग्राम जुन्या काळापासून आहेत आणि त्यांच्यापुढे हॅशची यादी एकटी लंगडी पडते. म्हणूनच जेसी कॉर्नब्लम यांनी २००६ साली एसएसडीप हे साधन आणले. ते फाईलचे तिच्या मजकुरावरूनच ठरणाऱ्या ठिकाणी तुकडे पाडून तुकड्यांचे हॅश काढते आणि दोन फायली कितपत सारख्या आहेत याचा अंदाज देते. पण ओळखीची फाईल बाजूला काढण्याच्या कामात हाच ताठरपणा आपल्या बाजूने उभा राहतो. विंडोज एक्सपीचे ते प्रसिद्ध पडद्यावरचे चित्र, निळे आकाश आणि हिरवी टेकडी, चार्ल्स ओरिअर यांनी कॅलिफोर्नियात टिपलेले, कोट्यवधी यंत्रांवर होते. त्या चित्राच्या बिटांत कोणी गुप्त मजकूर लपवला तर डोळ्याला टेकडी तशीच दिसेल. तपासनीस ते चित्र दहादा पाहील आणि पुढे जाईल. हॅश मात्र मोडेल. ओळखीच्या चित्राची ही प्रत यादीशी जुळणार नाही आणि न गाळलेल्या फायलींत उरेल, तिथेच ती उठून दिसेल. 'साधारण सारखी' म्हणून सोडून देणारे साधन इथे पुरावा हातचा घालवून बसले असते. कोणत्या कामाला ताठर माप लावायचे आणि कोणत्या कामाला लवचीक, हे कामावरून ठरते; एका मापाने दुसऱ्याला बाद करणे चुकीचे आहे.

तिसऱ्या आक्षेपापुढे माझ्याकडे पुरते उत्तर नाही. सॉफ्टवेअर आता खोक्यातून येतच नाही. ब्राउझर काही आठवड्यांनी स्वतःला बदलतो, मोबाईलवरची ॲप दुकानातून परस्पर नवी होतात, आणि कितीतरी कामे दूरच्या सर्व्हरवर होऊन आपल्या डिस्कवर फक्त अवशेष उरतात. फडताळावर ठेवायला वस्तूच नाही, तर ग्रंथालय काय जपणार? ग्रंथालयाने डाउनलोड करून मिळणाऱ्या सॉफ्टवेअरचे आणि मोबाईल ॲपचे संच नोंदवायला सुरुवात केली आहे, पण बाजाराचा वेग त्याच्या पुढेच राहणार. तरी निराश होण्याचे कारण मला दिसत नाही. यादी अपुरी असली म्हणजे चुकीचे उत्तर येते असे नाही. जे माहीत नाही ते ती न ओळखता पुढे पाठवते आणि तपासनिसाचे काम तेवढे वाढते. लाखातल्या सत्तर हजार फायली गाळल्या गेल्या आणि तीस हजार राहिल्या, तर काम कंटाळवाणे होईल, पण पुरावा हरवणार नाही. चूक त्या बाजूला झालेली परवडते. धोका वाढतो तो यादी फुगवण्याच्या घाईत कुठूनही गोळा केलेले हॅश तिच्यात भरले तर. वेग गाठण्यासाठी वंशावळ सोडणे हा सौदा आतबट्ट्याचा आहे.

भारतात हा विषय आता तज्ज्ञांपुरता राहिलेला नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००० सालीच हॅशची व्याख्या आली होती, पण ती डिजिटल सहीच्या संदर्भात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात देताना सोबत जे प्रमाणपत्र जोडायचे, त्याच्या छापील नमुन्यातच हॅश लिहायची जागा आहे आणि तो एसएचए-१, एसएचए-२५६, एमडी५ की अन्य पद्धतीने काढला हे सांगायचे आहे. नमुन्याचे दोन भाग आहेत, एक नोंद सादर करणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. साताऱ्यातल्या किंवा मडगावातल्या वकिलाला अशिलाच्या मोबाईलमधली चित्रफीत दाखल करतानाही हे करावे लागते. इथला हॅश पंचनाम्यातल्या लाखेच्या मोहरेचे काम करतो: मुद्देमाल बांधला तेव्हा जसा होता तसाच आज आहे. मोहोर फोडली गेली तर कळेल. मात्र बांधण्याआधी आत काय घातले, हे मोहोर सांगत नाही. चित्रफितीत कापाकापी करून मग हॅश काढला, तर प्रमाणपत्रावरची ६४ चिन्हे शेवटपर्यंत बिनचूक जुळत राहतील. म्हणून हॅश कोणी काढला, कोणत्या टप्प्यावर काढला, तेव्हा मूळ उपकरण कोणाच्या ताब्यात होते, हे प्रश्न विचारण्याची सवय आपल्या न्यायालयांना लवकर लागायला हवी. हॅश काढणे ही निव्वळ यांत्रिक कृती आहे, त्यात कोणाच्या खासगीपणाला धक्का लागत नाही, हा युक्तिवादही तपासून घ्यावा लागेल. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या एका फेडरल न्यायालयाने २००८ साली ठरवले, की संपूर्ण डिस्कवरच्या फायलींचे हॅश काढून याद्यांशी ताडणे ही झडतीच आहे आणि तिला झडतीचे नियम लागू होतात. मला हे पटते. दार न उघडताही घरात काय आहे हे कळत असेल, तर ती घरझडतीच झाली.

या कपाटाचा एक उपयोग ते उभारणाऱ्यांच्या मनात सुरुवातीला असेलच असे नाही. स्टीफन कॅब्रिनेटी हा अमेरिकन तरुण संगणकावरचे खेळ आणि इतर सॉफ्टवेअर खोक्यांसकट जमवत असे. १९९५ साली तो लहान वयातच वारला आणि त्याचा सुमारे १५,००० नगांचा संग्रह स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे आला. त्यातल्या फ्लॉप्या आणि कॅसेटी चुंबकीय. चुंबकत्व वर्षागणिक उतरत जाते, आणि जुनी माध्यमे वाचू शकणारी यंत्रेही दुर्मीळ होत चालली आहेत. स्टॅनफर्डने गेदर्सबर्गच्या मंडळींशी हातमिळवणी केली आणि तिथे या डिस्का एकेक करून वाचून, प्रतिमा करून, त्यांचे हॅश नोंदवण्याचे काम झाले. गुन्ह्यांच्या तपासासाठी बसवलेली रीत इथे जतनाच्या कामी आली: पन्नास वर्षांनी कोणी त्या प्रतिमेचा हॅश काढून पाहिला, तर मधल्या काळात एखादा बिट ढळला की नाही हे त्याला कळेल. ज्या फ्लॉप्या पहिल्यांदा वाचल्या जाण्याआधीच विरून गेल्या, त्यांच्या फायलींची ओळ मात्र या नोंदवहीत आता कधी येणार नाही.